कुरणे व गायराने, मराठवाड्यातील

पावसाच्या पाण्यावर आपोआप वाढणाऱ्या गवताने आच्छादलेली आणि चराईसाठी किंवा कापणीसाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे कुरण होय. गावातील सर्वांच्या जनावरांना चरण्यासाठी सोडलेल्या सरकारी मालकीच्या जमिनीस गायरान म्हणतात. कुरणावर राखणदार असे, गायरानावर गावाची वहिवाट असे. बोलीत मात्र हा भेद आता बराच पुसट झाला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) दक्षिणेस पैठण रस्त्यावर बिडकीन हे गाव आहे. त्याच्या आसपासचा गोदावरी खोऱ्याचा प्रदेश या जमिनींचा इतिहास समजून घेण्यास सोयीचा आहे. राज्यकर्त्यांना घोड्यांसाठी गवत हवे होते, तोवर ते राखले गेले; महसुलासाठी नांगरलेली जमीन हवीशी झाली, तेव्हा तेच गवत दफ्तरात ‘पडीक’ ठरले. मृदा, पाणी आणि पशुधन यांना गवतापासून होणारा लाभ या दोन्ही काळांत हिशेबात स्वतंत्रपणे मांडला गेला नाही.

प्रदेश व गवते : हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून पर्जन्यमान वर्षाला सरासरी सु. ७०० मिमी. आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. नदीच्या बाजूस खोल काळी जमीन, तर चढावर मुरमाचा उथळ थर असलेला माळ, अशी येथील स्थूल विभागणी आहे. काळीत शेती व माळावर चराई ही वाटणी फार जुनी आहे. जून महिन्यात उजाड दिसणारा माळ श्रावणात गुडघाभर गवताने झाकला जातो आणि दिवाळीनंतर पिवळा पडतो. या वाळलेल्या गवतावरच पुढच्या पावसापर्यंत जनावरे जगतात.

पवन्या, मारवेल, अंजन, रोशा, कुसळी, कुंदा व हरळी ही येथील प्रमुख गवते होत. भारतातील गवताळ आच्छादनाचे वर्गीकरण १९७३ मध्ये दबडघाव व शंकरनारायण यांनी केले. द्वीपकल्पातील मोठ्या क्षेत्रास त्यांनी ‘सेहिमा–डायकँथियम’ प्रकार असे नाव दिले. त्यांतील सेहिमा म्हणजे पवन्या व डायकँथियम म्हणजे मारवेल. दोन्ही बहुवर्षायू व पौष्टिक असून जनावरे ती आवडीने खातात आणि म्हणूनच बेसुमार चराईत प्रथम तीच नाहीशी होतात. त्यांच्या जागी कुसळी वाढते. कोवळेपणी कुसळीही खाण्यायोग्य असते. पण फुलोऱ्यानंतर तिची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात व तोंडात रुततात. चराई तशीच चालू राहिल्यास कुसळीही हटते, काही आठवड्यांत वाळून जाणारी वर्षायू गवते उरतात व शेवटी मुरूम उघडा पडतो. माळावर कोणते गवत आहे यावरून त्या जमिनीची अवस्था सांगता येते. जाणत्या मेंढपाळांना हे अनुभवाने ठाऊक असते.

हरळीचा उल्लेख वेगळा करावयास हवा. दूर्वा म्हणून पूजेत मानाचे स्थान असलेले हे गवत शेतात मात्र कुंद्याच्या जोडीने शेतकऱ्याचे वैरी मानले जाते. तिच्या भूमिगत खोडांचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. ज्या चिवटपणामुळे ती पिकास जाचक होते, त्याच चिवटपणामुळे ती बांध, तलावाची पाळ व ओढ्याचा काठ यांची माती धरून ठेवते.

मृदा व पाणी यांवरील परिणाम : गवताचे कार्य मुख्यतः जमिनीखाली चालते. त्याला सोटमूळ नसते; बुंध्यापासून निघणाऱ्या असंख्य तंतुमुळांचे जाळे मातीच्या वरच्या थरात पसरते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डिटमर यांनी १९३७ मध्ये राय या तृणधान्याच्या चार महिने वाढलेल्या एकाच रोपाची मुळे मोजली. मूलरोम वगळूनही त्यांची एकूण लांबी सु. ६२० किमी. भरली. ही मुळे मातीचे कण बांधून ठेवतात व त्यांतील काही दरवर्षी मरून त्यांच्या जागी सेंद्रिय द्रव्य व सूक्ष्म पोकळ्या उरतात. वरचे पाते पावसाच्या थेंबाचा आघात झेलते. उघड्या काळ्या मातीवर जोराचा थेंब आदळला की बारीक कण सुटून छिद्रे बुजतात व पुढचे पाणी वाहून जाते. गवताखालच्या जमिनीत ते सावकाश मुरते. शिवाय हवेतून घेतलेल्या कार्बनाचा मोठा भाग गवताळ जमिनीत मुळे व मृदेतील सेंद्रिय द्रव्य यांच्या रूपाने साठतो. वणवा लागला तरी हा साठा बव्हंशी सुरक्षित राहतो, नांगरटीने मात्र तो घटतो.

महाराष्ट्रात धूप प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयोग सोलापूर येथे सुरू झाले. तेथील कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ मध्ये स्थापन झाले होते व ना. वि. कानिटकर हे या कामाचे प्रमुख होते. त्याच दशकात अमेरिकेच्या मध्य मैदानातील मूळ गवत गव्हासाठी नांगरून टाकल्याचा परिणाम धुळीच्या वादळांच्या रूपाने दिसला आणि १९३५ मध्ये तेथे मृद्संधारणाचा कायदा करावा लागला. दख्खनमध्ये माती वाऱ्याने नव्हे, तर पाण्याने व पुष्कळ संथपणे जाते; त्यामुळे येथील हानीचा गवगवा झाला नाही.

प्राचीनता : दख्खनचा माळ हा मूळचा अरण्यप्रदेश असून मानवाने वृक्षतोड केल्यामुळे तो उघडा पडला, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ब्रिटिश वनाधिकाऱ्यांच्या लेखनातून तो पसरला व शालेय पुस्तकांतूनही शिकविला गेला. सह्याद्रीच्या काही भागांपुरता तो खरा असला, तरी पर्जन्यछायेतील पठारास तो सरसकट लागू करता येत नाही. नेवासे (१९५४–५६) व इनामगाव (१९६८–८३) येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांमधून गुरे व शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांचा विपुल पुरावा मिळाला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही येथे पशुपालनास पुरेल इतकी चराई उपलब्ध होती. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळाच मार्ग अवलंबिला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रग्रंथांत, कथांत व ओव्यांत आलेली वनस्पतींची नावे त्यांनी तपासली. त्यांत दाट अरण्यातील वृक्षांपेक्षा उघड्या माळावरील बाभूळ, पळस यांसारख्या झाडाझुडपांचा भरणा अधिक आढळला. हा माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. चक्रधरस्वामींचा वावर ज्या पैठण परिसरात व गोदाकाठी होता, त्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही.

घोडदळ व कुरण : मध्ययुगीन दख्खनमध्ये राज्याचे बळ घोडदळावर व घोडदळाचे बळ गवतावर अवलंबून होते. मराठ्यांच्या मोहिमांचे वेळापत्रकही गवताने ठरविलेले दिसते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडलेले सैन्य पावसाळ्याच्या तोंडावर छावणीस परते व घोडी साठविलेल्या आणि नव्याने उगवलेल्या चाऱ्यावर पोसली जात. या व्यवस्थेची नाजूक बाजू छत्रपती शिवाजी महाराजांच्या मे १६७३ मधील एका पत्रात स्पष्ट दिसते. कोकणात चिपळूणजवळ तळ दिलेल्या आपल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून ते आहे. साठविलेला दाणा व गवत आताच उधळल्यास पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेस उपद्रव देऊ लागतील, अशी त्यात ताकीद आहे. एवढेच नव्हे, तर तंबाखू ओढणाऱ्याची ठिणगी किंवा उंदराने पळविलेली दिव्याची जळती वात यांमुळे गवताच्या गंजी पेटतील, याचाही त्यात तपशिलाने विचार केलेला आहे. गवताविषयी इतक्या बारकाव्याने लिहिलेली राजपत्रे आपल्या इतिहासात विरळाच.

चारा तोडणे हे युद्धतंत्रही होते. बिडकीनच्या वायव्येस, वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काचे सैन्य कोंडले. जड तोफखाना मागे टाकून आलेल्या या सैन्याची रसद, वैरण व पाणी तोडण्यात आले. मोठी लढाई न होताच निजामास तह करावा लागला. तो मार्च १७२८ मध्ये पैठणसमोर गोदावरीपलीकडील मुंगी-शेवगाव येथे झाला.

कुरणे राखण्याची ही व्यवस्था लोकांच्या सोयीसाठी होती, असे समजण्याचे कारण नाही. राखीव कुरणात रयतेच्या जनावरांना मज्जाव असे. गवत कापून सरकारी पागेपर्यंत पोचविण्याचे काम वेठीने करवून घेतले जाई आणि गावांवर गवत, कडबा व सरपण यांच्या रूपानेही बोजा पडे. तथापि पावसाळाभर चराई बंद व दाणा पडल्यानंतर कापणी, हा जो नियम घोड्यांसाठी पाळला गेला, तोच गवताच्या पुनरुत्पत्तीस सर्वांत अनुकूल होता. पुणे जिल्ह्यात कुरण याच नावाची गावे आहेत.

गायरानाची तऱ्हा निराळी होती. गावचा गुराखी सकाळी सर्वांची गुरे एकत्र करून तेथे नेई. धनगरांचे कळप ठराविक वाटांनी येत व पीक निघाल्यावर शेतात बसविले जात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य देई. देवणी व लाल कंधारी ही मराठवाड्याची गोधने आणि काटक दख्खनी मेंढी यांची पैदास या कोरड्या चराईवर झाली. धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा अभ्यास करताना गुंथर सोनथायमर यांनी या माळांचा व भटक्या पशुपालनाचा सांस्कृतिक नकाशाच मांडला (१९७६).

महसूल व पडीक जमीन : कुरणांचे महत्त्व ओसरण्यास दोन कारणे घडली. घोडदळाची राज्ये मोडली हे पहिले. दुसरे कारण अधिक खोलवर गेले व ते महसुलाचे होते. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीन-पाहणी सुरू झाली. हलका सारा व तीस वर्षांची निश्चिती यांमुळे पड जमिनी झपाट्याने नांगराखाली आल्या. पहिल्या सालारजंगच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) हैदराबाद संस्थानाच्या मराठी जिल्ह्यांतही याच धर्तीवर पाहणी होऊन रयतवारी बसली. १८६० नंतर कापसाला आलेल्या मागणीने तिला जोर मिळाला. ज्या जमिनीवर कोणाचे खाते नाही ती ‘खारिज खाता’, असा शेरा पडू लागला. शेतीतून सारा मिळे, गवतातून फार तर चराईची फी. त्यामुळे कोणत्याही हिशेबी अधिकाऱ्याच्या दृष्टीने गवत ही अपूर्ण राहिलेली शेतीच होती. या दृष्टीत दुष्टपणा नव्हता, पण ती अपुरी होती. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात जळण व चारा यांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची शिफारस केली व १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानेही चराईच्या प्रश्नाचा विचार केला. दोन्हींचा प्रत्यक्ष प्रभाव मर्यादित राहिला.

या अपुरेपणाची किंमत दुष्काळात कळे. १८९९–१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात जंगलातील गवत कापून, दाबून, आगगाडीने दुष्काळी भागात पाठविण्यात आले. धान्य दूर अंतरावरून आणणे परवडते. वैरण आकारमानाने मोठी व किमतीने हलकी असल्याने तिची वाहतूक परवडत नाही. म्हणून माणसांच्या आधी गुरे मरत व गुरे गेली की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही औत जुंपता येत नसे. [→ दुष्काळ].

स्वातंत्र्योत्तर काळ : हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गायरानाच्या प्रश्नाला याच काळात नवे सामाजिक परिमाण प्राप्त झाले. गावच्या जमिनीत ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाटा नव्हता, त्या भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे वहितीस घेतले. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह या चळवळीचे मोठे टप्पे होत. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. पुढे, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना झालेल्या वाटपाचा अपवादही त्याच निकालात मान्य केला आहे. गायरानाचा ऱ्हास म्हणजे केवळ भूमिहीनांचे अतिक्रमण, अशी मांडणी वारंवार केली जाते. ती न्याय्य नाही. पोटासाठी नांगरलेल्या या तुकड्यांखेरीज शासकीय इमारती, वसाहती, खाणी व सधन खातेदारांनी सरकविलेले बांध यांनीही गायराने व्यापली आहेत. मात्र शेळी-मेंढीवर जगणाऱ्या दुसऱ्या तितक्याच गरीब वर्गाची चराई यात आक्रसली, हेही खरे.

शेतीतील बदलांनी चाऱ्याचा दुसरा आधारही कमी झाला. रब्बी ज्वारीचा उंच कडबा ही मराठवाड्याची खरी वैरण. १९६४ पासून आलेल्या संकरित ज्वारीने दाणा वाढविला, पण तिचा कडबा आखूड होता. पुढे कापूस व सोयाबीन यांनी ज्वारीचीच जागा घेतली. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले. नाथसागराच्या सु. ३५० चौ. किमी. जलाशयाखाली गोदाकाठची शेते व चराईही गेली. १९७२ च्या दुष्काळाने गुरांची पुन्हा एकदा दैना केली. अलीकडच्या २०१५–१६ व २०१८–१९ च्या अवर्षणांत मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. पावसाळ्यात घोडी ठेवण्याच्या जागेस असलेला छावणी हा शब्द असा भुकेल्या गुरांच्या आश्रयस्थानास लागू झाला आहे.

वनीकरणाचे प्रयत्नही गवताला मारक ठरल्याची उदाहरणे आहेत. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पडीक या सदरात उघडे माळ गणले गेल्याने तेथे खड्डे खोदून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावण्यात आली. सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले व १९८० मध्ये रेहेकुरी येथे काळविटांसाठी २.१७ चौ. किमी. क्षेत्र राखले गेले, ही गवताळ प्रदेशाच्या रक्षणाची महत्त्वाची पावले होत. परंतु माळढोक झाडीत राहत नाही, त्याला दूरवर दिसणारा उघडा माळ लागतो. महाराष्ट्रातून तो आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. लांडगा, खोकड, तणमोर व धाविक यांचेही वसतिस्थान हेच होय.

हिरवळ : बागेत कातरून राखलेल्या गवतास हिरवळ किंवा रूढ भाषेत लॉन म्हणतात. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्यासारख्या (१६६०) मोगल बागांच्या मूळ रचनेत पाण्याचे पाट, वृक्ष व फुलझाडे यांना प्राधान्य होते. कातरलेल्या सलग हिरवळीची आवड इंग्रजांबरोबर लष्करी छावण्या व बंगले यांतून आली. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये तयार केल्यावर ती सोपी झाली. येथील हिरवळींत हरळीच्या निवडक जाती व परदेशी झॉयसिया ही गवते लावतात.

हिरवळीचे लाभ खरे आहेत. ती धूळ धरते, पावसाचे पाणी मुरविते आणि बाष्पोत्सर्जनाने हवा थंड करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. उन्हाळ्यात डांबर व काँक्रीट यांच्या तुलनेत तिचा पृष्ठभाग कितीतरी कमी तापतो. मात्र हा गारवा पाण्याच्या मोबदल्यात मिळतो. दररोज केवळ ५ मिमी. पाणी द्यावयाचे म्हटले, तरी एक हेक्टर हिरवळीस रोज ५०,००० लि. लागतात, माणशी ५५ लि. या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या प्रमाणाने ती सु. ९०० माणसांची दिवसाची गरज होय. धरणाशेजारच्या पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानास जे साधते, ते टँकरवर अवलंबून असलेल्या वसाहतीस परवडण्याजोगे नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरल्यास हा आक्षेप बराच कमी होतो. माळावरील गवत याच्या उलट पावसापुरते हिरवे राहते व उन्हाळ्यात वाळून सुप्तावस्थेत जाते. त्याला वरून पाणी लागत नाही, पण आठ महिने ते पिवळे दिसते. नगररचनेत ते नापसंत होण्याचे कारण बहुधा एवढेच आहे.

गवत परत आणता येते, याची उदाहरणे जवळच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून डोंगरउतारावर पाणलोटाची कामे करण्यात आली. गवत चरू न देता कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना मिळाली व त्यावर दुधाचा व्यवसाय उभा राहिला. कुरणाचा जुना नियमच येथे गावाने स्वतःवर लागू केला. झांशी येथील भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था (१९६२) व राहुरीचे कृषी विद्यापीठ (१९६८) यांनी चारापिकांचे व गवतांचे सुधारित वाण दिले आहेत.

बिडकीन येथे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ७,८५५ एकरांचे (सु. ३,१८० हे.) औद्योगिक क्षेत्र विकसित करण्यात आले असून ते सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पित झाले. रस्ते, भूखंड व त्यांमधील हरित पट्टे यांनी पूर्वीच्या शेतांची जागा घेतली आहे. या तालुक्यांत मारवेल व पवन्या आता प्रामुख्याने शेतांच्या बांधांवर, रस्त्यांच्या कडेला आणि नांगर न लागलेल्या मुरमाड उतारांवर आढळतात. भाद्रपदानंतर तेथून विळ्याने कापलेल्या गवताचे भारे घरच्या एकदोन जनावरांसाठी नेले जातात.